खारीक, खोबरं आणि मधली जाळी

'जर्बिल' हा शब्द आपल्या हॉस्टेलमध्ये किती जणांनी ऐकलाय? आमच्या विंगमध्ये मी एक छोटा सर्व्हे घेतला. एकीला ते फुलाचं नाव वाटलं, एकीला पायथॉननंतर आलेली नवी प्रोग्रामिंग लँग्वेज वाटली आणि एकीने तर "जर्नल म्हणतेस का? माझं कम्प्लीट आहे, पण देणार नाही" असं सांगून दार लावून घेतलं. तेव्हा मंडळी, सुरुवात अगदी पहिल्यापासून करावी लागणार.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. 'एकोणसाठ' म्हटलं की आजही मनातल्या मनात बोटं मोडावी लागतात. त्यामुळे या लेखातलं मराठी जरा सांभाळून घ्या. विषय मात्र मी सांभाळून घेईन, कारण गेलं वर्षभर तो माझ्या डोक्यात घर करून बसलाय.

जर्बिल म्हणजे उंदराच्या जातीतला एक छोटा प्राणी. टपोरे काळे डोळे, मागचे पाय लांब, शेपूट अंगाएवढीच लांब आणि तिच्या टोकाला केसांचा गोंडा. मागच्या दोन पायांवर उभा राहून तो असा काही इकडेतिकडे बघतो, की जणू व्हायवाला कोण एक्स्टर्नल आलेत ते पाहतोय. पाळला जातो तो मंगोलियन जर्बिल. मूळ गाव मंगोलिया आणि उत्तर चीनचा कोरडा, गवताळ प्रदेश. त्याचं भारदस्त शास्त्रीय नाव 'मेरिओनीज अंग्विक्युलेटस'. १९३५ मध्ये अमूर नदीच्या खोऱ्यातून काही जर्बिल पकडून जपानच्या प्रयोगशाळेत नेले, तिथून १९५४ मध्ये काही अमेरिकेत गेले आणि १९६४ मध्ये ब्रिटनमध्ये पोहोचले. आले होते प्रयोगासाठी, पण गोड स्वभावामुळे थेट लोकांच्या घरात शिरले. कॅलिफोर्नियात मात्र ते पाळायला कायद्याने बंदी आहे. तिथलं हवामान कोरडं, त्यामुळे पळून जाऊन तिथेच संसार थाटतील ही भीती!

आपल्याकडेही शेतात आणि माळरानावर या घराण्याचे चुलतभाऊ राहतात, पण ते पाळायचे नसतात. त्यामुळे माझी आणि जर्बिलची गाठ पडायला मला इंग्लंडला जावं लागलं. माझी मावशी आणि काका स्विंडनला असतात. एस. ई. ची परीक्षा संपल्यावर सहा आठवड्यांसाठी मावशीने मला तिकडे बोलावलं. आजी महिनाभर आधीच सहा महिन्यांसाठी जाऊन बसली होती. मावसबहीण अकरा वर्षांची. विमानतळावरून घरी येईपर्यंत तिने मला काहीच विचारलं नाही. घरात पाऊल टाकताच मात्र हात धरून ओढत नेलं. "ताई, मीट माय बॉईज."

काचेची तीन फुटी टाकी. तशी मासे ठेवायलाही वापरतात. त्यात निम्म्यापर्यंत कागदाचा आणि लाकडाचा भुसा आणि त्यातून काढलेली बोगदे-भुयारं. एक बॉय तपकिरी, एक पांढरा. दोघे सख्खे भाऊ, वय अडीच वर्षं. नावं खारीक आणि खोबरं. ही मावशीची कल्पना, लाडाने खाऱ्या आणि खोबऱ्या. एक जण भुयार खणायचा, तर दुसरा त्याच्या मागे उभा राहून माती बाहेर ढकलायचा. झोपताना एकमेकांच्या अंगावर, डोकं कुठलं आणि शेपूट कुणाची ते कळायचं नाही. आजी मात्र लांबूनच बघायची. "घरात उंदीर झाले तर आम्ही पिंजरा लावायचो. हे उंदरासाठी बंगला बांधतायत," असं तिचं म्हणणं.

माझ्या दुसऱ्याच आठवड्यात खरा प्रश्न उभा राहिला. बहिणीच्या वर्गमैत्रिणीकडेही जर्बिल होते. दुकानातून दोन्ही नर म्हणून आणलेले, पण निघाले नर आणि मादी. जर्बिलचे दिवस भरायला जेमतेम पंचवीस दिवस लागतात. एक दिवस तिच्या टाकीत पाच गुलाबी पिल्लं! ती मोठी झाल्यावर तीन पिल्लांना घरं मिळाली, दोन नर उरले. मैत्रिणीच्या आईने शेवटची तारीख दिली. दोन दिवस रडारड झाली आणि मावशी विरघळली. सात आठवड्यांचे दोन भाऊ एका खोक्यातून घरी आले. नावं अर्थातच तीळ आणि गूळ.

आता खाऱ्या-खोबऱ्याच्या टाकीत तिळ्या-गुळ्या कसे सोडायचे?

काकांचं मत, "त्यात काय, एकत्र टाका. दोन दिवस भांडतील, मग होतील ॲडजस्ट." मावशीचं मत, जागा तर भरपूर आहे. बहिणीचं मत, चौघांची बेस्ट फ्रेंडशिप होणार. आजीचं मत, आधी पत्रिका बघा! मी इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी म्हणून निर्णय माझ्यावर सोपवला गेला. (आपल्याकडे इंजिनिअर होणाऱ्याला पंखा दुरुस्त करण्यापासून सोयरीक जुळवण्यापर्यंत सगळं येतं असं समजतात.)

सुदैवाने एक नियम निर्विवाद होता. नवीन जनावर आणलं की दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायचं, म्हणजे सर्दी-खोकला, उवा-पिसवा असं काही असेल तर जुन्यांना लागत नाही. हात धुऊनच एकीकडून दुसरीकडे जायचं. वेगळी खोली घरात एकच होती, आजीची. "माझ्या उशाशी उंदीर!" म्हणून आजीने संध्याकाळचा चहा सोडायची धमकी दिली. पण मला वाचायला चौदा दिवस मिळाले. मी वाचत गेले आणि काकांचं 'टाका एकत्र' मला जास्त जास्त भीतीदायक वाटायला लागलं.

जर्बिल गोड असतो, पण तो कुटुंबकबिल्याचा गोड असतो. रानात तो आपल्या घराण्यासोबत एका बिळात राहतो. पोटावर मधोमध त्याला एक गंधाची ग्रंथी असते, केस नसलेला लांबट पट्टा. पोट जमिनीला घासत तो आपला वास सगळीकडे लावत फिरतो. घरातल्या सगळ्यांना एकमेकांचा वास लागलेला असतो आणि तोच त्यांचा आयडी कार्ड. ज्याला तो वास नाही तो परका आणि परक्याला हाकलायचं. चेहरा गोड आहे, वय लहान आहे, मैत्रिणीकडून आलाय, यातलं काहीही तिथे चालत नाही.

रानात याने फारसं बिघडत नाही. हरलेला पळून जातो आणि भांडण संपतं. पण काचेच्या तीन फुटांत पळणार कुठे? हरलेला कोपऱ्यात जातो, तिथेही तो परकाच असतो, म्हणून पुन्हा मार खातो. मोठे जर्बिल असे झुंजले की एकमेकांना घट्ट धरून चेंडूसारखे गडगडतात आणि सकाळी टाकीत एक मेलेला सापडतो. 'दोन दिवस भांडतील' हे वाक्य म्हणूनच खोटं आहे. कधीकधी दुसरा दिवस येतच नाही.

आणि याहून महत्त्वाचं जे मला कळलं ते हे. आपण काळजी नव्यांची करत असतो, पण सगळ्यात मोठा धोका जुन्या जोडीला असतो. अनोळखी वास टाकीत घुसला की जुने दोघे बिथरतात. हा वास कुणाचा, तुझा की माझा? मग ते एकमेकांवरच उलटू शकतात. वर्षानुवर्षं एकमेकांच्या अंगावर झोपलेले सख्खे भाऊ एकदा फाटले की बहुतेक वेळा पुन्हा जुळत नाहीत. काही लोक मोठ्या जोडीत पिल्लं मिसळतात आणि काहींचं जमतंही. पण चार नर एकत्र राहिले तरी पिल्लं वयात आल्यावर पुन्हा ठिणगी पडू शकते. म्हणजे मिळवायचं काय, तर आपल्याला बघायला चौघांचं मजेदार टोळकं. आणि गमवायचं काय, तर आधीच सुखाने नांदणारी जोडी. हिशोब जुळत नव्हता.

याचा एक नमुना प्रत्यक्ष बघायलाही मिळाला. काकांनी एका संध्याकाळी आजीच्या खोलीतून कुरतडलेली पुठ्ठ्याची नळी आणून सहज खाऱ्या-खोबऱ्याच्या टाकीत टाकली. त्यांना वाटलं, खेळणं आहे. खाऱ्याने ती हुंगली, सगळं अंग ताठ केलं आणि मागचे पाय जमिनीवर आपटायला लागला. धप-धप, धप-धप. जर्बिलची ही धोक्याची घंटा. आवाजाने खोबऱ्या बिळातून बाहेर आला, त्यानेही नळी हुंगली. मग दोघे समोरासमोर आले आणि मागच्या पायांवर उभे राहून चक्क एकमेकांना ढकलायला लागले! मी नळी काढून घेतली. पाच मिनिटांत दोघे पुन्हा शेजारी बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होते. पण काकांचा चेहरा उतरला होता. "नुसत्या नळीला एवढं?" एवढंच ते म्हणाले.

इथे मला माझी एफ. ई. आठवली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

माझी ॲडमिशन शेवटच्या राउंडला झाली. मी हॉस्टेलला पोहोचले तेव्हा कॉलेज सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. मिळालेली खोली तिघींची, पण आत दोघी आधीपासून होत्या. दोघी एकाच ज्युनिअर कॉलेजच्या, एकाच गल्लीतल्या. दोन पलंग एकमेकांना चिकटवलेले, तिसऱ्या पलंगावर त्यांच्या बॅगा. कपाटांचे बरोब्बर दोन भाग केलेले. दोरीवर तिसऱ्या टॉवेलला जागा नाही. मी आईने दिलेल्या लसणाच्या चटणीचा डबा उघडला, तर दोघींनी न बोलता खिडकी उघडली. त्या वाईट नव्हत्या. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण एकतर ते खरं आहे आणि दुसरं म्हणजे त्या दोघी हा लेख वाचणार आहेत. त्यांची एक जोडी होती, तिला एक वास होता आणि माझा वास निराळा होता, एवढंच. मला सगळ्यांनी एकच सल्ला दिला, "होशील गं ॲडजस्ट."

झाले का? झाले. पण सल्ल्यामुळे नाही. मला खोलीबाहेर जायला जागा होती म्हणून. रात्री अकरापर्यंत रीडिंग हॉल उघडा असायचा, गच्ची होती, मेसच्या मावशी होत्या. पहिले दहा दिवस मी खोलीत फक्त झोपायला जायचे. मग एका रात्री ड्रॉइंगचं सबमिशन होतं. दोघींपैकी एक म्हणाली, "तुझ्या पलंगावर उजेड येत नाही, तू इकडे बस, मी तिकडे बसते." त्या रात्री मी तिच्या पलंगावर बसून शीट पुरी केली आणि ती माझ्या पलंगावर झोपून गेली. त्यानंतर हळूहळू जागा बदलत गेल्या. दिवाळीनंतर मी घरून आले तेव्हा पहिला प्रश्न आला, "चटणी आणलीस का?"

आमच्याच मजल्यावर आणखी एका खोलीत अशीच तिसरी मुलगी आली होती. तिचं नाही जमलं. खोली बदलून मिळावी म्हणून तिने दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा उत्तर तेच, ॲडजस्ट करून घ्या. ती दिवाळीला घरी गेली ती परत आलीच नाही. खोलीतल्या तिघी चांगल्याच होत्या. मला कुणाला दोष द्यायचा नाही. पण स्विंडनच्या त्या काचेच्या टाकीसमोर बसले की मला ती मुलगी आठवायची.

चौदा दिवस संपले. मी निर्णय सांगितला. चौघांना एकत्र करायचं नाही. तिळ्या-गुळ्यासाठी दुसरी टाकी आणायची आणि दोन टाक्या दोन वेगळ्या खोल्यांत राहतील. जुन्या जोडीत नवे जर्बिल सुरक्षितपणे कसे सोडायचे, या प्रश्नाचं मला सापडलेलं सगळ्यात सुरक्षित उत्तर हेच, की शक्यतो सोडूच नयेत.

बहिणीने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. "यू आर मीन, ताई. दे आर बेबीज!" मी तिला म्हटलं, बाई, तुला चार मित्र मिळाले की, फक्त एका टाकीत नाही. तिला ते पटलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र तिने स्वतःच दोन वेळापत्रकं लिहून दोन टाक्यांवर चिकटवली. आणि आजीच्या खोलीतून तिळ्या-गुळ्या हलवायचे ठरले, तेव्हा आजी म्हणाली, "राहू देत. रात्री खुडखुड ऐकायची सवय झाली आता."

मी परत आले, टी. ई. सुरू झालं. ऑक्टोबरमध्ये रात्री एक वाजता मोबाईल वाजला. तिकडे साडेआठ वाजले होते. व्हिडिओवर बहीण रडत होती. खाऱ्या गेला होता. वय जवळपास तीन वर्षं. जर्बिलचं आयुष्यच तीन-चार वर्षांचं, तेव्हा अकाली म्हणता येणार नाही. पण खोबऱ्या एकटा राहिला. त्याने खणणं सोडलं, घरटंही नीट करेना, कोपऱ्यात नुसता बसून राहायचा. बहिणीचा प्रश्न साधा होता. "ताई, आता तरी त्याला तिळ्या-गुळ्याकडे जाऊ दे ना?"

खरं सांगते, हा प्रश्न जूनमधल्यापेक्षा कितीतरी अवघड होता. तेव्हा कुणी दुःखी नव्हतं. आता एक म्हातारा एकटा होता आणि एका भिंतीपलीकडे दोघे मजेत होते. पण पारडं तेच होतं, फक्त पाळी उलटली होती. आता तिळ्या-गुळ्या ही जुनी जोडी होती, पूर्ण वयात आलेली, आणि खोबऱ्या परका. दोन तरण्यांपुढे एक म्हातारा टिकला नसता.

मात्र एकट्या जर्बिलसाठी एक रस्ता असतो. एकट्याजवळ मोडण्यासारखी जोडी नसते आणि मोठा नर सहसा सहा ते आठ आठवड्यांची पिल्लं स्वीकारतो, कारण ती अजून त्याच्या हद्दीवर हक्क सांगणारी नसतात. पिल्लं दोन घ्यायची, सख्खे भाऊ, म्हणजे उद्या खोबऱ्या गेला तरी मागे कुणी एकटं उरत नाही. जवळच्या गावातल्या एका बाईंकडे अशी दोन पिल्लं होती. बदाम आणि बेदाणे! त्यांचे दोन आठवडे वेगळ्या खोलीत गेले आणि मग करायची होती मधली जाळी.

इथे आमची खोली कामाला लागली. मी ई अँड टीसीची, पण खोलीतली एक मेकॅनिकलची. तिने रात्री दोन वाजता ऑटोकॅडवर ड्रॉइंग काढलं. दुसरीने काचेची जाडी वजा करायची आठवण केली, नाहीतर बारा इंची टाकीत बारा इंची चौकट बसवायला काका हातोडी घेऊन बसले असते. लाकूड नाही, कारण जर्बिल ते एका रात्रीत कुरतडतो. ॲल्युमिनियमची चौकट आणि तिच्यात सहा मिलिमीटर छिद्रांची लोखंडी जाळी. वास जाईल, नाकाला नाक लागेल, पण डोकं जाणार नाही. चौकट तळापासून झाकणापर्यंत घट्ट, बाजूला फट नको. भुसा फक्त दोन-तीन सेंटिमीटर, नाहीतर जाळीखालून बोगदा काढतात. दोन्ही बाजूंना आपापलं खाणं, पाणी आणि घरट्यासाठी टिश्यू पेपर.

आणि मग जागांची अदलाबदल. हेच खरं गुपित. दिवसातून तीन-चार वेळा खोबऱ्याला त्यांच्या बाजूला आणि त्यांना खोबऱ्याच्या बाजूला ठेवायचं. शेपटीला धरून अजिबात उचलायचं नाही, शेपटीची कातडी सोलून निघते. मगमध्ये चढू द्यायचं आणि मग उचलायचा. प्रत्येक वेळी दुसऱ्याने वास लावलेल्या जागेत बसायचं, त्याच्याच घरट्यात झोपायचं. असं करता करता 'तुझं' आणि 'माझं' पुसलं जातं आणि सगळ्या टाकीला एकच वास येतो. सकाळी आणि शाळेनंतर हे काम बहीण करायची, रात्री काका. दुपारची पाळी कुणाकडे, ओळखा! आजीकडे. ती मगऐवजी वाटी वापरायची. "साखरपुडा झालाय, लग्न अजून व्हायचंय," असं ती मला फोनवर सांगायची.

पहिले दोन दिवस खोबऱ्या पाय आपटत होता, जाळी चावत होता. या अवस्थेत घाई करायची नसते. पाचव्या दिवशी चावणं थांबलं. सातव्या दिवशी त्याने आपलं घरटं जाळीला लागून केलं. आठव्या दिवशी पिल्लं पलीकडून त्याच जागी, त्याच्या पाठीला पाठ लावून झोपली. मध्ये फक्त जाळी. नवव्या दिवशी शनिवार होता, सगळे घरी होते.

भेट कशी घडवायची तेही ठरलेलं होतं. जागा लहान आणि कुणाच्याच मालकीची नसलेली, आत नुसता टिश्यू पेपर. चाक नाही, घर नाही, लपायला कोपरा नाही, म्हणजे हक्क सांगायला काहीच नाही. हातात जाड हातमोजे. एकमेकांना हुंगणं, चाटणं, थोडं अंगावर चढणं, थोडी ढकलाढकली चालेल. पण अंगावरचे केस फुलवून, पाठीची कमान करून आडवं चालायला लागले की सावध व्हायचं. चेंडू झाला की त्या क्षणी वेगळं करायचं आणि पुन्हा जाळी. रक्त दिसलं तर प्रयत्न तिथेच थांबवायचा. 'बघू अजून एकदा' नाही.

व्हिडिओ कॉलवर आम्ही तिघी मेसचा चहा घेऊन बसलो होतो. खोबऱ्या उभा राहिला. बदाम्या त्याच्या तोंडाखाली जाऊन आडवा झाला. पाच-सहा सेकंद कुणीच हललं नाही, इकडे आम्हीही नाही. मग खोबऱ्याने खाली वाकून त्याचा कान चाटायला सुरुवात केली. पलीकडे आजीने चक्क हात जोडले. दिवसभर आणि रात्री उशिरापर्यंत आळीपाळीने कुणीतरी समोर बसून होतं. नंतर कित्येक दिवस त्यांना छोट्याच जागेत ठेवलं आणि टाकी हळूहळू मोठी केली, कारण एकदम मोठी जागा मिळाली की हद्दी पडतात. महिन्याभराने बहिणीने फोटो पाठवला. खोबऱ्याने पुन्हा भुयार खणलं होतं. तो खणतोय आणि मागे दोन पोरं माती ढकलतायत.

तुम्ही म्हणाल, यातून आम्ही काय घ्यायचं? आम्ही काही जर्बिल नाही. बरोबर. आपण बोलू शकतो, आपल्याला भाषा आहे, आपण एकमेकींची चटणी खाऊ शकतो. पण दर वर्षी शेवटच्या राउंडनंतर आणि डायरेक्ट सेकंड इयरची मुलं आल्यावर आपल्याकडेही कुठल्यातरी जमलेल्या खोलीत एक बॅग घेऊन कुणीतरी दारात उभं राहतं. त्याला आपण 'ॲडजस्ट हो' म्हणतो आणि आपलं काम झालं असं समजतो. 'ॲडजस्ट हो' हा सल्ला आहे, सोय नाही. सोय म्हणजे पहिले पंधरा दिवस रीडिंग हॉल उशिरापर्यंत उघडा ठेवणं. सोय म्हणजे जुन्या दोघांनी महिन्यातून एकदा पलंग आणि टेबल बदलणं. आणि नाहीच जमलं, तर खोली बदलण्याचा अर्ज भांडण समजून फाईलला न लावता वेळेत मंजूर करणं. दोन टाक्या ठेवल्या म्हणून कुणाचं प्रेम कमी झालं नव्हतं. उलट सगळे जिवंत राहिले.

पुढच्या महिन्यात नव्या मुली येतील. आमच्या खोलीत जागा नाही, पण लसणाची चटणी आहे. कुणाला खोलीबाहेर पडावंसं वाटलं तर खुशाल या.

आणि हो, रेक्टर मॅडम, कपाटातून रात्री जो कुरतडल्याचा आवाज येतो तो आपल्या हॉस्टेलच्या नेहमीच्या उंदरांचा आहे. जर्बिल आम्ही आणलेले नाहीत. खुशाल तपासा!